छपरावरचे ऊन आणि दारातली तार

(द्वितीय वर्ष, कला)

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी विज्ञानाच्या पुस्तकाला मी जो नमस्कार केला, तो अगदी मनापासून केला. तेव्हा विजेवर मी लेख लिहावा ही गोष्ट माझ्या मैत्रिणींना चमत्कारिक वाटेल, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटते. पण ही पाळी आमच्या आप्पांनी माझ्यावर आणली. ती कशी आणली हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. कृष्णा फार लांब नाही. दीड एकर ऊस, दोन म्हशी आणि सहा माणसे असा आमचा संसार. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे सोसायटीची नोटीस असो, बँकेचे पत्र असो, की औषधाच्या बाटलीवरचा कागद असो, घरात आलेले प्रत्येक अक्षर वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे. ‘कालिजात जाती’ म्हणजे हिला सगळे कळते, अशी आप्पांची समजूत. ती समजूत मोडू नये म्हणून मी कितीदा तरी न कळलेले कळल्यासारखे सांगितले आहे, हे इथे कबूल करते.

२०२५ च्या जानेवारीत आम्ही स्लॅबवर सौर पॅनेल बसवली. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू केली. देशातल्या एक कोटी घरांच्या छपरांवर वीज तयार व्हावी असा तिचा संकल्प आहे. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी तीस हजार आणि तिसऱ्याला अठरा हजार, म्हणजे तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान. राहिलेली रक्कम थोडी उसाच्या बिलातून आणि बरीचशी बँकेच्या कर्जातून उभी केली. गल्लीत पहिली पॅनेल आमची. आप्पा संध्याकाळी समोरच्या कट्ट्यावर बसून स्वतःच्याच छपराकडे बघत असत.

एप्रिलमध्ये थोरल्या ताईचा साखरपुडा झाला. दारात मांडव, अंगणात दीडशे माणूस, आणि बरोबर साडेबारा वाजता लाईट गेली. पंखे थांबले. आत मिक्सरवर चटणी वाटत होते, तीही थांबली. आमच्या माणसांना वाटले, आपल्याकडे सोलर आहे, आत्ता येईल. पाच मिनिटे गेली, दहा गेली. वर ऊन असे की स्लॅबवर पाय ठेववेना, आणि खाली घरात एक दिवा लागेना. मांडवातून कोणीतरी म्हणाले, “छपरावर सूर्य बांधलाय, पण त्यो काय खाली उतरंना!” सगळे हसले. नवऱ्याकडची माणसेही हसली. त्यात आमचे चुलते तात्या म्हणाले, “आमच्या शेतातल्या सोलर पंपाला बघा, लाईट आसू दे न्हाईतर नसू दे, ऊन पडलं की पाणी चालू. तुमचं कसलं हे?” 

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. “तू कालिजात जातीस न्हवं? मग सांग की, ऊन आसताना लाईट का गेली?”

मला सांगता आले नाही. दीडशे माणसांत मी खाली मान घालून उभी राहिले.

एवढ्यावर भागले असते तर हा लेख झाला नसता. मोटारी दुरुस्त करणारा एक हुन्नरी मुलगा मांडवात होता. तो म्हणाला, मांडववाल्याचा जनरेटर सुरू करू, त्याची वायर घरातल्या प्लगात खोचू. मग सोलरच्या पेटीला वाटेल लाईट आली, आणि तीही सुरू होईल. आप्पांना हे पटले. अपमान झालेल्या माणसाला काहीही पटते. वायर प्लगापर्यंत गेली होती, तेवढ्यात आमचा मामा जेवणाच्या पंगतीतून उष्ट्या हाताने उठला, त्याने ती वायर ओढून काढली आणि अंगणात फेकून दिली. मामा पाटण तालुक्यात, सातारा जिल्ह्यात, वीज कंपनीत वायरमन आहे. कधी मोठ्याने न बोलणारा माणूस. तो एवढेच म्हणाला, “दाजी, आत्ता कुणीतरी खांबावर आसंल.”

रात्री पाहुणे गेल्यावर त्याने मला उजव्या हाताची दोन बोटे दाखवली. ती वळत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होते. का वळत नाहीत हे मी कधी विचारले नव्हते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात लाईन बंद करून तो खांबावर चढला होता. लाईनला अर्थिंग करून मगच हात लावायचा असा नियम आहे, तो त्या दिवशी घाईत राहिला. खाली एका घरी कार्य होते आणि त्यांनी मेन स्विच न काढता जनरेटर जोडला होता. “लाईन कागदावर बंद होती गं,” मामा म्हणाला. 

दुसऱ्या आठवड्यात मी कॉलेजच्या विज्ञान इमारतीत गेले. दोन वर्षांत त्या इमारतीची पायरी मी चढले नव्हते. पदार्थविज्ञानाच्या सरांनी मला हाकलून न देता तीन दुपारी समजावले, आणि ग्रंथालयातून मराठी विश्वकोशाचे खंड काढून दिले. (हा विश्वकोश वाईला, म्हणजे सातारा जिल्ह्यातच तयार झाला, हे मला तेव्हा कळले.) मला जे समजले ते माझ्यासारख्यांना कळेल अशा भाषेत पुढे देते.

प्रथम पॅनेल. पॅनेलमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूतून मिळते. प्रत्येक चकतीत दोन थर असे केलेले असतात, की एकात इलेक्ट्रॉन जास्त आणि दुसऱ्यात त्यांच्यासाठी जागा रिकाम्या. ऊन पडले की त्या धक्क्याने इलेक्ट्रॉन सुटतो आणि दोन थरांच्या सीमेमुळे त्याला एकाच दिशेने जावे लागते. तोच विद्युतप्रवाह. यात काही जळत नाही, फिरत नाही, झिजत नाही. प्रकाशाने वीज निर्माण होते हे फ्रान्समध्ये एडमंड बेकरेल याने १८३९ साली प्रथम पाहिले. तेव्हा त्याचे वय एकोणीस होते, म्हणजे माझ्याएवढेच. अर्थात त्याच्या वडिलांची प्रयोगशाळा होती. पुढे प्रकाशाने इलेक्ट्रॉन का सुटतात याची उपपत्ती आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडली, आणि त्यांना १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः या कामासाठी, सापेक्षतावादासाठी नव्हे. खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट मात्र अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला.

एका चकतीचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट. म्हणून हातातल्या बॅटरीत आपण सेलमागे सेल घालतो तशा या चकत्या एकामागे एक जोडतात, आणि पॅनेलही एकामागे एक जोडतात. आमची पॅनेल सहा आहेत, प्रत्येक ५४० वॉटचे. भर उन्हात सहांचा मिळून दाब दोनशे व्होल्टच्या वर जातो. या माळेचा एक दोष असा, की एका पॅनेलवर सावली पडली तर ते सगळ्या ओळीला मागे ओढते. बैलगाडीच्या रांगेत पुढची गाडी रुतली की मागच्या सगळ्या थांबतात तसे. आमच्या शेवग्याची फांदी सकाळी दोन पॅनेलवर यायची; ती तोडली तेव्हा आजी दोन दिवस बोलली नाही. 

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे का, हेही याच ओघात सांगते. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे सतरा अंशांवर आहोत, त्यामुळे वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडून जातो. पॅनेल साधारण तेवढ्याच अंशांनी कलते ठेवले की वर्षभराचे ऊन चांगले मिळते. दुसरी एक गंमत म्हणजे पॅनेलला ऊन हवे असते, पण उष्णता नको असते. ते तापले की त्याची वीज कमी होते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला हजारी तीन-चार भागांनी. म्हणून वैशाखातल्या भाजणाऱ्या दुपारपेक्षा फाल्गुनातली स्वच्छ, वारा सुटलेली दुपार त्याला अधिक मानवते. आणि आपल्याकडे उसाचा पाला पेटवला की काजळी उडून पॅनेलवर बसते, ती दर रविवारी सकाळी पाण्याने धुवावी लागते. हे काम माझे आहे.

आता खरी गोष्ट. पॅनेलमधून येणारी वीज एकाच दिशेने वाहते. विश्वकोशात तिला एकदिश प्रवाह म्हटले आहे. खांबावरून येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे झोके घेणारी. पंखा, मिक्सर, फ्रीज हे सगळे खांबावरच्या विजेच्या सवयीचे. तेव्हा मध्ये एक पेटी लागते. तिला इन्व्हर्टर म्हणतात, आणि सगळा घोटाळा या नावाने केला आहे. कारण आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटले की खाली बॅटरी असलेली, लाईट गेली की आपोआप दिवे लावणारी पेटी डोळ्यांपुढे येते. ही पेटी ती नव्हे. हिला बॅटरी नाही. हिच्यात वीज साठत नाही. ही फक्त झोका बदलते.

आणि झोका बदलताना ती खांबाकडे कान लावून बसते. गणपतीच्या मिरवणुकीतले लेझीम आठवा. नवा गडी मध्येच शिरला तर तो स्वतःच्या तालावर पाय टाकत नाही. हलगी ऐकतो, दोन ठेके जाऊ देतो आणि मग पावलाला पाऊल मिळवून आत शिरतो. तसेच ही पेटी खांबावरच्या विजेचा ताल ऐकते, त्याच ठेक्यावर आपली वीज तयार करते आणि तिचा दाब किंचित वर ठेवते. मग पाणी जसे उंचावरून सखलाकडे जाते तशी आपली वीज आधी घरातल्या पंख्याला जाते, आणि घरात पुरून उरली तर मीटरमधून उलट बाहेर, शेजारच्या घरात. कट्ट्यावर आम्हाला हसणाऱ्या काहींच्या घरचा फ्रीज दुपारी आमच्या छपरावर चालतो, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

हा ताल कुठून येतो? तो आपल्या गावाचा नाही, तालुक्याचा नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही मोठी वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी एका ठेक्यावर आले. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच हलगी वाजते आहे. कोयनेची जनित्रे त्याच ठेक्यावर फिरतात आणि आमच्या स्लॅबवरची पेटीही त्याच ठेक्यावर चालते.

हलगीच थांबली तर? तर लेझीम थांबते. लाईट जाते तेव्हा या पेटीने दोन सेकंदांच्या आत आपणहून बंद व्हायचे असा नियम आहे. खांबावरचा ताल आणि दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ती सुटते. एवढेच नव्हे, तर ती अधूनमधून मुद्दाम ताल किंचित ढकलून पाहते. पलीकडे सगळा देश जोडलेला असेल तर तिच्या एवढ्याशा ढकलण्याने काही हलत नाही. ताल हलला, तर ती ओळखते की पलीकडे कोणी नाही, आपण एकटेच वाजवतो आहोत, आणि थांबते. लाईट परत आली तरी लगेच शिरत नाही, थोडा वेळ ठेका पक्का झाल्याची खात्री करून घेते. 

हे कशासाठी, ते मामाच्या बोटांवरून मला आधीच कळले होते; सरांनी फक्त आकडा सांगितला. गावातली डीपी म्हणजे रोहित्र. वरून अकरा हजार व्होल्ट येतात आणि घराकडे दोनशे तीस होऊन उतरतात. पण रोहित्राला वर-खाली कळत नाही. त्याच्या घराकडच्या बाजूने कोणी दोनशे तीस व्होल्ट चढवले, तर दुसऱ्या बाजूला पुन्हा अकरा हजार तयार होतात. म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी ती वायर प्लगात गेली असती आणि पेटीला खोटा ताल मिळाला असता, तर आमच्या माजघरातून निघालेली वीज बंद म्हणून जाहीर केलेल्या तारेवर जाऊन उभी राहिली असती. भार झेपला नाही म्हणून जनरेटर काही क्षणांत बंदही पडला असता. पण खांबावरच्या माणसाला काही क्षण पुष्कळ होतात. त्या दुपारी आमच्या शिवेवर एक फांदी तोडायला खरोखरच दोन माणसे खांबावर होती, हे नंतर कळले. आप्पांना ते मामानेच सांगितले. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत.

राहता राहिला तात्यांच्या पंपाचा प्रश्न. त्याचे उत्तर मला वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले. शेतातल्या सौर पंपाला खांबाची तारच नसते. त्याची वीज फक्त त्याच्या मोटारीला जाते, आणि त्याची पेटी ऊन बघून मोटारीचा वेग कमीजास्त करते. सकाळी धार बारीक, दुपारी मोठी, ढग आला की पुन्हा बारीक. पाण्याला ते चालते. पण घरातला फ्रीज सुरू होताना एकदम जास्त वीज मागतो आणि नेमका त्याच क्षणी ढग आला तर ती द्यायची कोणी? दारात तार असेल तर ती देते. तार नसेल तर बॅटरी लागते. बॅटरीसह चालणारी, लाईट गेल्यावर घरापुरती वेगळी होऊन वीज देणारी यंत्रणाही मिळते. पण तिची किंमत बरीच जास्त, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. आम्ही घेतली ती साधी. विकणाऱ्याने हा फरक आम्हाला सांगितला नव्हता. आम्हीही विचारला नव्हता, कारण असा फरक असतो हेच ठाऊक नव्हते.

आता बिलाकडे वळते, कारण माझी खरी परीक्षा तिथे झाली. जुने मीटर काढून दोन्हीकडे मोजणारे मीटर लावतात. खांबावरून घरात आलेले युनिट एका खात्यात, घरातून खांबाकडे गेलेले दुसऱ्या खात्यात. दोन्हींची वजाबाकी होते. महाराष्ट्रात याचे नियम वीज नियामक आयोगाने प्रथम २०१५ मध्ये आणि नंतर २०१९ मध्ये केले. याशिवाय छपरावर एकूण किती वीज झाली ते सांगणारा आकडा पेटीजवळ वेगळा दिसतो.

एप्रिलचे आमचे बिल आले. पेटीजवळचा आकडा म्हणत होता, ३७० युनिट तयार झाले. बिलावर मात्र आम्ही दिलेले युनिट २८० होते. आप्पा कट्ट्यावरून उठून आत आले. “नव्वद युनिट कुणी खाल्लं?” गावात बोलणे सुरू झाले की कंपनी सौरवाल्यांचे युनिट कापते, काही जण तक्रार-अर्ज लिहायला माझ्याकडे आले. मी अर्ज लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता थांबले. ते नव्वद युनिट मीटरपर्यंत गेलेच नव्हते. दिवसा पंखा, फ्रीज, टीव्ही, म्हशींच्या गोठ्यातली मोटर यांनी ते आधीच वापरले होते. मीटर दारात आहे. घरातल्या घरात जे संपले ते त्याला कसे दिसणार? नव्वद युनिट आम्हीच खाल्ले होते. रात्री आम्ही खांबावरून घेतले १३०. म्हणजे आमचा त्या महिन्याचा एकूण खर्च नव्वद आणि एकशे तीस मिळून २२० युनिट. दिलेले २८०, घेतलेले १३०, शिल्लक १५०. ही शिल्लक पुढच्या महिन्याच्या खात्यात गेली.

हे मी पाटीवर मांडून आप्पांना दाखवले. नुसती वजाबाकी, चौथीच्या पोराला येणारी. पण साखरपुड्याच्या दिवशी मान खाली घालून उभी राहिलेली मी, त्या दिवशी पहिल्यांदा न समजता समजल्यासारखे बोलले नाही. अर्ज फाडून टाकला.

ही शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते. जुलैमध्ये आमच्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा तयार झाले फक्त १९०. त्यातले सत्तर घरात वापरले, १२० बाहेर गेले, आणि १६० आत आले. चाळीस कमी पडले, ते शिलकीतून भागले. एक गोष्ट मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी : बिल अगदी शून्य होत नाही. स्थिर आकार द्यावा लागतोच, कारण तार, खांब, डीपी आणि मामासारखी माणसे यांचा खर्च ऊन पडले म्हणून कमी होत नाही. यावरून कट्ट्यावर अजूनही वाद होतो. मला तो आकार अन्यायाचा वाटत नाही. रात्री तर आम्ही त्या तारेवरच जगतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजोळी गेले. पाटण तालुक्यातच मान्याचीवाडी नावाचे शंभराच्या आसपास घरांचे गाव आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ते राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. घरे, रस्त्यावरचे दिवे, पाणीपुरवठा, सगळ्यांचा भार सौर विजेवर. मामाने मोटारसायकलवरून नेऊन दाखवले. डोंगराच्या कुशीतल्या त्या वाडीत छपराछपरावर निळी-काळी पॅनेल बघून मला प्रथम वाटले, या गावाने तार तोडून टाकली असेल. तसे मुळीच नव्हते. खांब होते, तारा होत्या. दिवसभर गाव आपली वीज तारेत देते, अंधार पडला की तारेतून परत घेते; वर्षाचा हिशेब जुळला म्हणून ते सौरग्राम. माझ्या मनातली ‘सौर’ या शब्दाची कल्पना तिथे बदलली. तोपर्यंत मी समजत होते, पॅनेल बसवले की माणूस कोणावर अवलंबून राहत नाही.

मग अंधार पडल्यावरची वीज येते कुठून? दगडी कोळशाच्या केंद्रांतून बरीच येते. पण संध्याकाळी सात वाजता सगळे राज्य एकदम दिवे लावते, तेव्हा ताबडतोब धावून येणारी वीज पाण्याची, आणि त्यात मोठी कोयनेची. कोयना धरण याच पाटण तालुक्यात. तिच्या सगळ्या टप्प्यांची क्षमता १,९६० मेगावॉट. ऊन अडवून ठेवता येत नाही, पाणी दारे बंद करून ठेवता येते. म्हणून दुपारी छपरांनी जितका भार उचलला तितके कोयनेचे पाणी संध्याकाळसाठी राखता येते. या पाण्यालाही माप आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने वीज निर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या मामाने लांबून दाखवल्या. त्यांचा हंगाम नेमका पावसाळ्यात, वारा जोरात असताना, म्हणजे आमची पॅनेल ढगांखाली असतात तेव्हा. आजोळची आजी मात्र हे ऐकून म्हणाली, “धरणाची लाईट आधी म्हमईला गेली, आमच्या घरात कंदीलच व्हता.” तिला मी उत्तर दिले नाही. त्याला उत्तर नाही.

येताना मामाला विचारले, गावोगाव अशी पॅनेल झाली तर तुझी भीती वाढेल का. तो म्हणाला, पेटी चांगली असेल तर नाही. भीती आहे ती जोडणीत हात घालणाऱ्याची. त्याने दुसरीही अडचण सांगितली. एका डीपीवर फार घरांनी पॅनेल बसवली आणि दुपारी वीज वापरणारे कोणी नसले, तर तारेतला दाब वाढतो आणि काही पेट्या ऐन उन्हात बंद पडतात. त्यामुळे डीपी किती भाराची आहे हे आधी विचारून मगच पॅनेल घ्यावीत. आमच्या गल्लीत आता आणखी चार घरे घेणार आहेत. त्यांना मी हे सांगितले, तर त्यांना वाटले आम्हाला त्यांचे बघवत नाही.

अलीकडे भर दुपारी लाईट गेली आणि कोणी आप्पांना काही विचारले, तर ते कट्ट्यावरून न उठता सांगतात, “खांबावर कुणीतरी आसंल. येईल.” तात्यांनाही त्यांनी असेच सांगितले.

आता ३१ मार्च जवळ येतो आहे. आर्थिक वर्ष संपताना खात्यात उरलेले युनिट पुढे जात नाहीत. कंपनी ते ठरलेल्या कमी दराने विकत घेते. आमच्या खात्यात दोनशेच्या वर शिल्लक दिसते. हे आईला सांगितले तर ती म्हणाली, कमी भावाने द्यायचे तर घरातच वापरू, आणि तिने बाजारातून विजेची शेगडी आणली. चहा आणि भात आता दुपारी तिच्यावर होतो. आजी अजून भाकरी चुलीवरच भाजते.